तांबट जेवायला बसले की

एक ते पावणेदोन, एवढाच वेळ माझा.
तांबट आळीत ठोके थांबतात, डबे उघडतात,
आणि मी शटर अर्धं ओढून
तबकड्या ऐकायला घेते.

बाकीचा दिवस विकण्याचा.
कॉलेज रोडची पोरं येतात, कव्हरांसोबत फोटो काढतात,
सुईची किंमत ऐकून पाणी मागतात.
डिसूझा मास्तर शरणपूरहून येतात,
घेत काहीच नाहीत, खोक्यांतला क्रम लावतात
आणि मी तो पुन्हा बिघडवला म्हणून रागावतात.

रात्री दुसरं दुकान. त्याला शटर नाही.
कोची, जमशेदपूर, दिब्रूगड.
तिथे मी लिहिते: कव्हरच्या कोपऱ्यात ओल,
मागे पेन्सिलीनं 'फ्रेनी, देवळाली कॅम्प',
दुसऱ्या बाजूला केसाएवढा ओरखडा, आवाजात येत नाही.
खोटं लिहिलं तर माल परत येतो,
सगळं खरं लिहिलं तर जातच नाही.
मधलं काहीतरी लिहायला शिकण्यात चार वर्षं गेली.

पुठ्ठा पिंपळगावचा, द्राक्षांच्या खोक्यांचा.
साडेबारा इंची चौकोन कापते, दोन बाजूंना दोन,
मध्ये तबकडी.
एकानं कळवलं: पार्सल उघडलं तर द्राक्षांचा वास आला,
पाच तारे.
एकानं कळवलं: तुमच्या नमुन्यात तबल्यामागे
आणखी एक वाद्य वाजतंय, ते कोणतं?
मी लिहिलं, हंडा.

खैरनारकाका शनिवारचे. जेलरोडहून, बसनं.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
रेघ हलली की बाद, शाई फुटली की बाद.
त्यांना हवी एक हार्मोनियमची तबकडी.
माझ्याकडे दोन आल्या, दोन्ही ऐकल्या त्यांनी,
डोळे मिटून, शेवटपर्यंत.
"स्वच्छ आहे," म्हणाले,
आणि बाजूला सारली
बाद केल्यासारखी.

तिसरी मी घाईत ऐकली, ठोके चालू असताना,
आणि दिब्रूगडला धाडली.
बावीस दिवसांनी परत. सोबत चिठ्ठी, सभ्य:
पहिल्या बाजूला, चौथ्या मिनिटाला सुई अडकते.
आपल्याला ऐकू आलं नाही का?

नव्हतं आलं. ठोक्यात ठोका मिसळून गेला होता.
पैसे परत केले, जाण्यायेण्याचं टपाल अंगावर.

शनिवारी एक वाजता लावली,
दोष नेमका कुठे ते बघायला.
काका स्टुलावर, पिशवी मांडीवर.
चौथं मिनिट आलं.
तीन सूर. तेच तीन सूर. तेच तीन.
मी हात पुढे केला तर म्हणाले, थांब.

आळीत कुणीतरी डब्याचं झाकण लावलं.
तेच तीन.

"इथं ती स्वयंपाकघरातून यायची," म्हणाले,
"कणकेचे हात. म्हणून कोपरानं."
आणि उठून, शर्टाची बाही सावरत,
त्यांनी कोपरानं सुईचा दांडा जरासा पुढे ढकलला.
सुई अडीच हजारांची.
मी काही बोलले नाही.

"हीच का तुमची? तेव्हा विकलेली?"
"कसं सांगू," म्हणाले, "नोटेला नंबर असतो.
हिला काय?"

नेली नाही. घरी वाजवायला काही उरलेलं नाही.
"असू दे इथं."
जाताना बसचे सुटे पैसे मोजले, दोनदा, सवयीनं.

तर आता वहीत ती शिल्लक आहे
आणि साइटवर विकली गेलेली.
सीए विचारतो, नक्की काय?
पुण्याहून कुणीतरी विचारतंय, परत येईल का?

उत्तर लिहायला घेतलंय मघापासून.
पावणेदोन झाले. पलीकडे
कुणीतरी हात धुऊन
हातोडी उचलली.